जात्यावरच्या लाख ओव्या

दुबईच्या खाडीजवळच्या ऊद मेथात इंडियन हायस्कूल आहे, इंडिया क्लब आहे, त्यामुळे भारतीय कुटुंबांची तिथे कायम वर्दळ असते. तिथल्या मराठी घरात थालीपिठाची भाजणी येते ती गावाहून आणलेल्या डब्यातून, नाही तर दुकानातल्या पाकिटातून. पिठामागची मेहनत त्या घरातल्या मुलांनी पाहिलेली नसते. खरं तर पुण्या-मुंबईतल्या मुलांनीही नाही.

दोन-तीन पिढ्यांपूर्वी हे दळण घरातच व्हायचं, तेही उजाडण्याआधी. जातं म्हणजे काळ्या दगडाच्या दोन तळ्या, वरच्या तळीला लाकडी खुंटा, मधोमध तोंड. एका हाताने खुंटा ओढायचा, दुसऱ्या हाताने मूठमूठ दाणे वैरायचे. तळी झिजून गुळगुळीत झाली की पीठ जाडंभरडं पडायचं; मग पाथरवटाला बोलावून जात्याला टाकी लावून घ्यायची. कोकणात त्याशिवाय भाताचं कांडप असे. उखळात मुसळाचे घाव, मग सुपाने पाखडणं, मग पुन्हा सडणं. एवढं झाल्यावर चूल पेटायची.

हे कष्ट एकट्या महाराष्ट्राचे नाहीत. अरुणाचलातल्या न्यिशी जमातीच्या बायकांनी लाकडी उखळात भात कांडला. अमिरातीतही हातजातं होतं. तिथे गहू आणि मांस तासन्‌तास शिजवून, घोटून केलेल्या हरीसला 2023 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळालं.

मराठी बाईने मात्र दळताना ओवी रचली. माहेर, भाऊ, सासुरवास, विठ्ठल, पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरही त्या ओव्यांत आले. पंढरपूरजवळ गोपाळपुरात संत जनाबाईचं म्हणून दाखवलं जाणारं जातं आजही लोक श्रद्धेने पाहतात. जिला चारचौघांत बोलायची मुभा नव्हती, ती जात्यापाशी सगळं बोलली.

ते बोलणं वाचलं, याचं मोठं श्रेय हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांना जातं. पुण्यातून काम करणाऱ्या या दोघांनी सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गावांतून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. 1990च्या दशकात बर्नार बेल यांच्या साथीने त्यांतल्या हजारो ओव्या ध्वनिमुद्रितही झाल्या. पॉइटवाँ 2004 मध्ये गेले, राईरकर 2010 मध्ये. पत्रकार पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ‘परी’ या संकेतस्थळावर 2017 पासून हा ठेवा प्रसिद्ध होऊ लागला.

विजेची गिरणी आली आणि बायकांच्या खांद्यांना विसावा मिळाला, हे उत्तमच झालं. जातं परत आणायची कुणालाच गरज नाही. ओव्या मात्र राखायला हव्यात, आणि त्या सगळ्या अजून उतरवून झालेल्या नाहीत. सुटीत गावी जाल तेव्हा आजीला, शेजारच्या मावशीला दळणाच्या ओव्या विचारा. त्या म्हणू लागल्या की फोनवर ध्वनिमुद्रण करून घ्या. सोबत त्यांचं नाव आणि गावही नोंदवा.