आजीच्या टोपलीतले बियाणे



हैदराबादेहून मुंबईच्या रस्त्याने निघाले की सुमारे शंभर किलोमीटरवर जहीराबाद लागते. तेथून बीदर जवळ आहे. आपला मराठवाडाही फार लांब नाही. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख एकाच हैदराबाद राज्यात होता. जमीन कुठे काळी, पुष्कळ ठिकाणी तांबडी व हलकी, आणि भिस्त पावसावर. या भागातील म्हाताऱ्या बायका आणि तरुण मुली यांनी एकमेकींना जो हात दिला, त्याची हकीकत आपल्या घरांनाही उपयोगी पडण्यासारखी आहे.

जहीराबादजवळ पस्तापूर येथे १९८३ साली डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी पी. व्ही. सतीश २०२३ च्या मार्च महिन्यात वारले. गावोगावच्या गरीब, बहुतेक दलित, स्त्रियांचे संघ उभारणे हे या संस्थेचे काम. तिकडे त्यांना ‘संघम’ म्हणतात. स्वस्त धान्याच्या दुकानातून तांदूळ मिळू लागल्यावर ज्वारी, राळे, सावा यांची शेती मागे पडली होती. हलक्या जमिनी पडीक राहत होत्या. घरचे बी संपले की दुकानातून विकत आणायचे, हीच रीत पडू लागली होती. जुने वाण पुन्हा लावायचे तर त्यांची माहिती कोणाला? कोणते बी कोणत्या जमिनीत टाकायचे, कशाच्या ओळीशेजारी कशाची ओळ घ्यायची, पाऊस लांबला तर काय पेरायचे, हे सारे वयस्क बायकांच्या डोक्यात होते. त्यांतील बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हते.

या बायकांची बी राखण्याची पद्धत साधी आहे. चांगले भरलेले कणीस उभ्या पिकातच हेरून वेगळे काढायचे. दाणे उन्हात वाळवायचे, त्यांत राख आणि कडुनिंबाचा पाला मिसळायचा, टोपलीत भरायचे आणि तोंड शेणामातीने लिंपून टाकायचे. आपल्याकडेही हे होतेच. कणगी आणि बियाण्याचे मडके ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. गरजू शेजारणीला बी उसने द्यायचे आणि सुगीनंतर तिने घेतल्यापेक्षा जास्त परत करायचे, असा संघममध्ये रिवाज आहे. संक्रांतीच्या सुमारास सजवलेल्या बैलगाड्यांतून हे बियाणे गावोगाव मिरवतात. गाडीपुढे गाणी असतात, आणि गाणी पाठ असतात त्याही म्हाताऱ्याच.

एवढ्यावर काम थांबले असते तर त्या बायकांबरोबर त्यांचे ज्ञानही मातीत गेले असते. येथे तरुण मुली पुढे आल्या. माचनूर गावी १५ ऑक्टोबर २००८ रोजी ‘संघम रेडिओ’ सुरू झाला. ग्रामीण स्त्रिया चालवीत असलेले असे हे देशातील पहिलेच केंद्र. उद्घाटनाला न्यायमूर्ती पी. बी. सावंत आले होते. ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असा १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लिहिणारे हेच आपले मराठी न्यायमूर्ती. परवाना मिळायला कित्येक वर्षे लागली होती. तोवर मुली कॅसेटवर ध्वनिमुद्रण करून ते संघमच्या बैठकांत ऐकवीत. यंत्र तरुण मुलीच्या हाती आणि बोलणे म्हातारीचे, असा तो मेळ. आजीने सांगावे, नातीच्या वयाच्या मुलीने टिपून घ्यावे, आणि रात्री गावाने ऐकावे.

पवित्र शास्त्रातील रूथची गोष्ट आपण जाणतो. सासूसाठी तिने बार्लीच्या शेतात सरवा वेचला. पण त्या परक्या गावात कोणत्या आप्ताकडे जावे आणि कसे जावे, हे नामीने सांगितले म्हणून ती तरली. सुनेच्या भक्तीवर आपण प्रवचने ऐकतो. नामीच्या सल्ल्याबद्दल फारसे ऐकायला मिळत नाही.

आता थोडे आरोग्याचे. हैदराबादेत तारनाका येथे राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तेथील डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकंटिया यांनी १९६० साली पेलाग्रा या रोगाचा ज्वारीतील ल्यूसिन या घटकाशी संबंध दाखवला. ज्यांचे पोट निव्वळ ज्वारीवर भरे, अशा दख्खनच्या गरिबांत हा रोग दिसे. मान आणि हात उन्हात काळे पडून सोलतात, जुलाब होतात, डोके भ्रमते. म्हणून भाकरी आणि मीठ एवढ्यावर भागवू नये. जहीराबादच्या बायका एकाच शेतात ज्वारीबरोबर तूर, मूग, कारळे, अंबाडी असे दहा-वीस जिन्नस पेरतात, त्यात डाळ, तेल, भाजी सगळेच घरी येते.

ही गोष्ट घरातील वृद्धांच्या ताटाशीही जोडून पाहावी. दात गेले की म्हाताऱ्यांना चहा-बिस्किटे आणि पातळ भात एवढेच मिळते, आणि सून कामावर गेली की तेही ती एकटीच खातात. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात जेमतेम दहाच्या आसपास. नाचणीची आंबील, ताक, मऊ शिजवलेली मुगाची डाळ, परवडत असेल तर अंडे, हे त्यांना चावायला सोपे जाते. नातवंडाला जवळ बसवून जेवू घालावे. दोघेही दोन घास जास्त खातात.

एक कटू गोष्टही सांगायला हवी. शेत मुलाच्या नावे करून दिल्यावर आईबापांची विचारपूस थांबते, असे घडते. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा २००७ चा कायदा यासाठी आहे. बक्षीसपत्रात ‘आमचा सांभाळ करावा’ ही अट स्पष्ट लिहून घेतली आणि ती पाळली गेली नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. अट लिहून मागणे म्हणजे मुलावर अविश्वास, असे मानू नये. तसेच सातबारा शेवटपर्यंत मुठीत धरून चाळिशीतल्या मुलाला पेरणीचा निर्णयही घेऊ न देणारे बाप आपल्याकडे आहेत. त्यांची मुले हैदराबादेला किंवा पुण्याला चौकीदारीला जातात, यात नवल काय?

मृगाआधी घरातील मोठ्यांनी आणि मुलांनी मिळून एक काम जरूर करावे. घरच्या ज्वारीचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळीने मांडावेत, गुंडाळी करून सावलीत ठेवावी आणि रोज पाणी शिंपडावे. मोजणी नातवाने करावी, चांगला कोंब कोणता आणि खुरटा कोणता हे आजोबांनी दाखवावे. चौथ्या दिवसापासून पाहू लागावे आणि दहाव्या दिवसापर्यंत वाट पाहावी. पंचाहत्तरपेक्षा कमी उगवले तर पेरताना बी थोडे जास्त घ्यावे. निम्मेही उगवले नाहीत तर ते बी पेरू नये, शेजाऱ्याकडून उसने आणावे. वाणाचे नाव, कोणत्या शेतातले आणि किती उगवले, हे मुलाने चिठ्ठीवर लिहून मडक्याला चिकटवावे.