सुरांचे वारसदार

इंदरगंजातील आमच्या घराच्या माळ्यावरची जुनी ट्रंक यंदा दिवाळीच्या साफसफाईत उघडली, तेव्हा तीत एक वही सापडली. महाविद्यालयात असताना आम्ही पाच मित्रांनी गणेशोत्सवासाठी एक गायनवृंद काढला होता. त्याच्या समूहगीतांची ती वही. तीन वर्षे वृंद उत्तम चालला. पुढे एकास भोपाळला, दुसऱ्यास पुण्यास नोकरी लागली आणि चौथ्या वर्षी मंडपात आमचे गाणे झाले नाही. त्या वेळी आम्ही नोकऱ्यांना बोल लावला. आज वाटते, चूक आमचीच होती.

हा विचार सुचला तो सातासमुद्रापलीकडच्या एका वृंदामुळे. फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९९६ साली विद्यार्थ्यांनी 'पेन मसाला' नावाचा वृंद स्थापन केला. हे तरुण वाद्यांवाचून गातात. हिंदी आणि इंग्रजी गीते एकमेकांत गुंफतात. आपल्या समूहगीतांत सारे सहसा एकच चाल गातात. येथे एक जण मुख्य चाल गात असता इतर जण तिला मिळणारे निराळे स्वर लावतात. एकाचा षड्ज, दुसऱ्याचा गंधार, तिसऱ्याचा पंचम एकाच क्षणी उमटतो आणि कुणी मुखानेच ठेका धरतो. स्वतःचा आवाज चढवावयाचा नाही, शेजाऱ्याचा ऐकावयाचा, ही या गायनाची पहिली अट.

हा वृंद २००९ साली व्हाइट हाउसमधील दिवाळी समारंभात गायला. २०२३ साली भारताच्या पंतप्रधानांच्या स्वागतप्रसंगी तेथेच पुन्हा गायला. दोन प्रसंगांत चौदा वर्षांचे अंतर. पहिल्या वेळचे विद्यार्थी केव्हाच पदव्या घेऊन पांगले होते. वृंद मात्र तोच होता. इंग्लंडमधील 'किंग्ज सिंगर्स' हा केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातील गायकमित्रांतून उभा राहिलेला वृंद १९६८ पासून गातो आहे. आरंभीच्या सहांपैकी आज त्यात कोणी नाही, तरी गायक सहाच आहेत. एक जण निवृत्त होतो, त्याच्या जागी दुसरा येतो.

ग्वाल्हेरकरांना ही गोष्ट परकी का वाटावी? बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर येथे येऊन वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशी शिकले, ती गायकी त्यांनी महाराष्ट्रात नेली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. गाणारे गाव सोडून गेले, म्हणून गायकी खुंटली नाही. उलट ती दूरवर पसरली. कारण प्रत्येकाने मागे शिष्य ठेवले होते. आम्ही पाच जणांनी गाणी पाठ केली, टाळ्या घेतल्या. पण आमच्या पाठीमागे उभ्या असलेल्या शाळकरी पोरांपैकी एकालाही कधी आत बोलावले नाही.

आपली मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी बाहेर जाणारच. त्यांना कोण अडविणार? गल्लीतील सहा-सात मुले सध्या रविवारी सकाळी आमच्या ओसरीवर जमतात. एखाद्या मराठी शब्दापाशी अडतात, अर्थ विचारतात आणि पुन्हा गाऊ लागतात. ती जुनी वही मी त्यांच्या स्वाधीन केली आहे. अट एकच घातली आहे: दरवर्षी आपल्याहून धाकट्या दोघांना तरी ही गाणी शिकवावयाची.