सहा तारा, चार बोटे आणि एक गाणे

जॅझ हे मुळात चारचौघांनी मिळून करायचे संगीत. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात ते आकाराला आले, ते मिरवणुकांत आणि नृत्यगृहांत वाजणाऱ्या बँडमधून. पुढे त्यात कामाची वाटणी रूढ झाली. ड्रम्सने लय धरायची, बासने खर्ज सांभाळायचा, पियानोने स्वरमेळ पुरवायचा आणि ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोनने चाल मांडून तिच्यावर उपज करायची. ही चारही कामे एकाच माणसाने, एकाच गिटारवर करायची म्हटली तर? आणि तो माणूस व्यावसायिक वादक नसून दिवसभर नोकरी करून रात्री तासभर वाद्य हातात घेणारा असला तर?

जगभर असे हौशी गिटारवादक पुष्कळ आहेत. ते लहान लहान गट करतात, महिन्यासाठी एक गाणे ठरवतात, प्रत्येक जण आपापली एकल मांडणी बसवतो, ध्वनिमुद्रित करतो आणि इतरांना ऐकवतो. त्यांना ना मैफल गाठायची असते, ना तबकडी काढायची असते. मग या खटाटोपातून काय साधते, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

जत्रेला जाणाऱ्यांचे मराठीने तीन वर्ग केले आहेत: हौशे, नवशे आणि गवशे. नवशाला फळ हवे असते, गवशाला काही गवसेल अशी आशा असते. हौशाला मात्र जत्राच हवी असते. इंग्रजीतल्या ‘अमॅच्युअर’ या शब्दाचे मूळही ‘प्रेम करणारा’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. तरीही ‘हौशी’ म्हटले की ‘कच्चा’ ही छटा आपल्या मनात येतेच. तिची छाननी शेवटी करू. आधी काम समजून घेऊ.

मांडणी म्हणजे काय

‘अरेंजमेंट’ हा शब्द मराठी रसिकाला हिंदी चित्रपटसंगीतामुळे परिचित आहे. संगीतकाराने चाल बांधायची आणि सेबॅस्टियन डिसोझांसारख्या गोव्याच्या अरेंजरने ती कोणत्या वाद्यावर, कोणत्या स्वरसंगतीसह वाजेल ते लिहून काढायचे, ही मुंबईच्या स्टुडिओतली रीत होती. एकल जॅझ गिटारवादक आपल्या एका हाताचा असाच अरेंजर असतो.

त्याच्यापुढे कच्चा माल म्हणून असते एक ‘स्टँडर्ड’, म्हणजे बहुधा १९२० ते १९५० या काळात नाटका-चित्रपटांसाठी लिहिले गेलेले, साधारण बत्तीस मापांचे एक गाणे. त्याची कागदावरची नोंद एका पानात मावते: वर चाल, आणि तिच्या माथ्यावर कॉर्डची नावे. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारा स्वरांचा गुच्छ. ही एवढीशी नोंद पाहून आपल्याला बंदिशीची आठवण होईल आणि ती काही अंशी योग्यच आहे, कारण दोन्हीकडे लिहिलेले थोडे आणि करायचे फार. फरक पायात आहे. आपल्या संगीतात तानपुऱ्याचा षड्ज अचल असतो आणि सारे त्याच्याशी नाते जोडते. जॅझमध्ये दर मापाला किंवा अर्ध्या मापाला पायाच बदलतो. वर तोच स्वर धरून ठेवला तरी खालची कॉर्ड बदलताच त्याचे नाते बदलते, आणि या बदलत्या नात्यातच त्या संगीताची गोडी आहे.

पियानोवर दहा बोटांनी हे दाखवता येते. गिटारवर डाव्या हाताची चार बोटे आणि सहा तारा. एका तारेतून एका वेळी एकच स्वर. चालीचा स्वर सर्वांत वर हवा, खर्ज तळाशी हवा आणि मधली भर उरलेल्या बोटांत बसली पाहिजे. कॉर्डच्या नावात पाच-सहा स्वर अभिप्रेत असले तरी ते सगळे वाजवणे बहुधा अशक्य, आणि शक्य असले तरी चाल त्यात गुदमरते. म्हणून या कलेत पहिला प्रश्न ‘काय घालू’ हा नसतो, ‘काय गाळू’ हा असतो.

गाळण्याचे शास्त्र

याचे उत्तर नेमके आहे. कॉर्डच्या मूळ स्वराला षड्ज मानले, तर तिची ओळख ठरवतात ते तिचा गांधार आणि तिचा निषाद. गांधार कोमल की शुद्ध, यावर ती मायनर की मेजर ते ठरते. पुढे कुठे जाण्याची ओढ तिच्यात आहे, हे निषाद सांगतो. पंचम बहुधा सहज वगळता येतो. मूळ स्वर, गांधार आणि निषाद, एवढ्या तिघांवर बहुतेक कॉर्ड उभी राहते. काउंट बेसींच्या वाद्यवृंदात १९३७ पासून १९८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ऱ्हिदम गिटार वाजवणारे फ्रेडी ग्रीन तर कित्येकदा एकदोन स्वरांतच कॉर्ड सुचवत, आणि सारा वाद्यवृंद त्यावर तरंगत असे.

एक उदाहरण घेऊ. ‘ऑटम लीव्ह्ज’ ही जोसेफ कोस्मा या हंगेरीत जन्मलेल्या संगीतकाराची चाल. १९४६ च्या एका फ्रेंच चित्रपटात ती झाक प्रेव्हेर यांच्या शब्दांसह आली, पुढे जॉनी मर्सर यांनी तिला इंग्रजी शब्द दिले आणि ती जॅझची झाली. नवशिक्यांना बहुधा हीच चाल आधी दिली जाते, त्यामागे कारण आहे. ई मायनरमध्ये पहिली कॉर्ड ए मायनर सेव्हन. चाल तीन पायऱ्या चढून ज्या स्वरावर थांबते तो सी, म्हणजे या कॉर्डचा कोमल गांधार. पुढच्या मापात कॉर्ड होते डी सेव्हन, आणि लांबवलेला तोच सी आता तिचा कोमल निषाद होतो. चाल जागची हलली नाही, तिचा अर्थ हलला.

आता हात पाहा. सहाव्या, चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर पाचव्या पडद्याशी ए, जी आणि सी हे तिन्ही स्वर मिळतात. एक बोट आडवे ठेवले की पहिली कॉर्ड तयार, चालीसकट. दुसऱ्या कॉर्डसाठी खर्ज सहाव्या तारेवरून पाचव्या तारेवर सरकतो, पडदा तोच. मधला जी एक पडदा खाली उतरून एफ शार्प होतो. वरचा सी तसाच राहतो. तिसऱ्या कॉर्डला, म्हणजे जी मेजर सेव्हनला, हा एफ शार्प जागेवर थांबतो आणि चालीचा स्वर अर्ध्या स्वराने बी वर उतरतो. चौथ्या कॉर्डपाशी तो बी स्थिर राहतो आणि मधला स्वर उतरतो. एक थांबतो तेव्हा दुसरा उतरतो, आणि हा आळीपाळीचा जिना थेट ई मायनरपर्यंत चालतो. गाण्यातली पानगळ जणू दोन तारांवर दिसते. अडीच सप्तकांवर पसरलेली कॉर्ड बोटे ताणून पकडणाऱ्याच्या हाती हे लागत नाही. तीन स्वरांवर समाधान मानणाऱ्याला ते लगेच ऐकू येते.

वाट कोणी पाडली

विसाव्या शतकाच्या विशीत एडी लँग आणि लॉनी जॉन्सन यांनी गिटारला साथीच्या रांगेतून पुढे आणले. जॉर्ज व्हॅन एप्स यांना सहा तारांत खर्ज अपुरा वाटला. तिशीच्या अखेरीस त्यांनी एपिफोनकडून सात तारांची गिटार बनवून घेतली आणि आपल्या वाद्याला ते ‘मांडीवरचा पियानो’ म्हणत. जॉनी स्मिथ यांनी १९५२ मध्ये ‘मूनलाइट इन व्हरमाँट’ची चाल दाट कॉर्डमधून अशी वाहती ठेवली की तिचा प्रत्येक स्वर खालच्या स्वरांना सोबत घेऊन चालतो.

मैलाचा दगड ठरले ते १९७३ साली ध्वनिमुद्रित झालेले जो पास यांचे ‘व्हर्च्युओसो’. नॉर्मन ग्रान्झ यांच्या पाब्लो कंपनीच्या या तबकडीवर बारा रचना होत्या, एक सोडून बाकी सर्व इतरांची परिचित गाणी, आणि वादक एकटा. पास सगळे स्वर सतत वाजवत नाहीत. चालीचा तुकडा, मग दोन खर्ज स्वर, मग एक कॉर्ड, मग एकेरी तान, असे ते भाग पाळीने येतात आणि श्रोत्याचा कान मधल्या जागा स्वतः भरतो. चार वादक एकाच वेळी वाजत असल्याचा भास गाळण्यातूनच निर्माण होतो.

कागद आणि कान

ही विद्या पोहोचते कशी? एक वाट कागदाची. सत्तरच्या दशकात बॉस्टनच्या बर्कली महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी शेकडो स्टँडर्ड हाताने लिहून ‘रिअल बुक’ तयार केले. ते बेकायदा होते. झेरॉक्सवर छापले जाई आणि हातोहात विकले जाई. त्याची कायदेशीर आवृत्ती निघायला २००४ साल उजाडले. दुसरा कागद म्हणजे टॅब्लेचर. तारेच्या रेघेवर पडद्याचा आकडा लिहिण्याची ही पद्धत युरोपातल्या ल्यूटवादकांपासून चालत आली आहे. बोट कुठे ठेवायचे ते टॅब्लेचर चोख सांगते, पण का ठेवायचे ते सांगत नाही. त्यावरून पास यांची अख्खी मांडणी बसवलेला माणूस एका जागी चुकला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, कारण त्याला आकड्यांची रांग पाठ असते, गाणे नसते.

दुसरी वाट कानाची. इंडियानापोलिसचे वेस माँटगोमेरी यांनी चार्ली ख्रिश्चनच्या तबकड्या ऐकून त्याचे एकल तुकडे जसेच्या तसे उचलले. दिवसा कारखान्यात काम आणि रात्री रियाज. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ते पिक सोडून अंगठ्याने वाजवू लागले, असे सांगितले जाते. त्या अंगठ्याचा मऊ नाद पुढे त्यांची ओळख झाला. कोलकात्याचे कार्ल्टन किटो यांनीही अमेरिकेपासून इतक्या दूर बीबॉप मुख्यतः तबकड्या ऐकूनच आत्मसात केले आणि आयुष्यभर शिकवले. २०१६ मध्ये ते गेले.

हौशी गट या दोन वाटांच्या मध्ये उभा असतो. पान सर्वांकडे तेच असते आणि मांडण्या दहा होतात. एक जण चाल एक सप्तक वर नेऊन तळाशी जागा करतो. दुसरा खर्ज चालता ठेवतो आणि कॉर्ड फक्त अधूनमधून टोचतो. तिसऱ्याचा हात लहान, म्हणून तो मोकळ्या तारा वापरता याव्यात यासाठी गाण्याची पट्टीच बदलतो, आणि त्या मोकळ्या तारांची घुमणारी आस बाकीच्यांच्या कल्पनेतही नसते. अडचणीतून निघालेला असा तोडगा छापील पुस्तकात क्वचितच मिळतो.

ध्वनिमुद्रण काय शिकवते

इथे कळीचे काम करते ते ध्वनिमुद्रण. वाजवत असताना वादक आपल्या मनातले गाणे ऐकत असतो. यंत्र हाताने केलेले ऐकते. या दोहोंतला फरक बहुधा तीन जागी दिसतो. पहिला: चाल कॉर्डखाली दबते. वादकाला ती माहीत असल्याने त्याला ती ऐकू येते, श्रोत्याला येत नाही. वरच्या तारेवरच्या बोटाला जरा अधिक वजन द्यावे लागते. दुसरा: अवघड कॉर्डपाशी लय थबकते. बँडमध्ये बास पुढे निघून गेल्यामुळे चूक तत्काळ कळते. एकट्याला ती दाखवणारे कोणी नसते. म्हणून मेट्रोनोमचा ठोका पहिल्या-तिसऱ्या मात्रेऐवजी दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर धरून सराव करतात, म्हणजे सम आपली आपण राखावी लागते. तिसरा: पुढची कॉर्ड गाठण्याच्या घाईत बोट लवकर उचलले जाते आणि चालीचा स्वर मध्येच तुटतो.

साधने साधी असतात. टेबलावर ठेवलेला फोन, बंद केलेला पंखा, स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी होऊन गेल्यानंतरची वेळ. बऱ्याच गटांत अलिखित नियम असा की एका दमात वाजवायचे, तुकडे जोडायचे नाहीत. घरी विसांदा बिनचूक वाजलेली जागा मुद्रण सुरू होताच का अडते, हेही त्यात कळते. महिनाअखेरीची तारीख असते म्हणून मांडणी पुरी होते. नाहीतर हौशी माणूस पहिली आठ मापे वर्षभर घासत बसतो. आणि ऐकणाऱ्याने ‘छान’ म्हणून चालत नाही. ‘दुसऱ्या ओळीत खर्ज सोडला तर चाल मोकळी होईल’ असे काही सांगावे लागते. सांगणाऱ्याने तीच ओळ महिनाभर वाजवलेली असल्यामुळे त्या सूचनेला वजन असते.

हे जॅझ आहे का

आक्षेप रास्त आहे. जॅझ म्हणजे ऐनवेळची उपज आणि वादकांमधला संवाद. घरी घोटून पाठ केलेली मांडणी त्यात कशी बसावी? पास स्वतः एकल वादनातही पुष्कळसे त्या क्षणी रचत.

पण तालीम घेणारा शागीर्दही आधी बंदिश घोटतो. घोटलेल्या मांडणीत प्रत्येक स्वर का ठेवला हे कळले, की तो बदलता येतो, आणि बदलता येणे हीच उपजेची पहिली पायरी. एकट्याच्या खोलीत हरवलेला संवादही गटात परत येतो, फक्त सावकाश. एकाची उतरती मधली ओळ पुढच्या महिन्यात दुसऱ्याच्या वादनात दिसते, तिसरा ती उलटी फिरवतो. मंचावर चार मापांत घडते ते इथे चार महिन्यांत घडते.

याहून महत्त्वाची गोष्ट जतनाची. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलेखन शिकलेले कितीतरी वादक तिसाव्या-चाळिशीच्या दशकांत मुंबईच्या हॉटेलांतून रोज रात्री जॅझ वाजवत होते. त्यांतले फार थोडे तबकडीवर उतरले. बाकीचे त्या रात्रींबरोबर गेले. याउलट लॉस एंजेलिस परिसरात शिकवणारे टेड ग्रीन यांचे पाहा. १९७१ मध्ये त्यांचे ‘कॉर्ड केमिस्ट्री’ हे पुस्तक आले, १९७७ मध्ये एकल वादनाची एकच तबकडी निघाली, आणि बाकी आयुष्य शिकवण्यात गेले. २००५ मध्ये ते वारल्यानंतर त्यांची हाताने काढलेली पाठाची पाने आणि शिकवणीच्या वेळची ध्वनिमुद्रणे विद्यार्थ्यांनी आणि सुहृदांनी जमवली, उलगडून लिहिली, सर्वांना खुली केली. त्यात नामवंत होते तसे साधे हौशीही होते. बाजाराला ज्याची गरज नव्हती ते त्यांनी राखले, कारण त्यांना ते शिकायचे होते.

‘हौशी’ या शब्दातली कच्चेपणाची छटा इथे गळून पडते. कसबात हौशी माणूस पास किंवा ग्रीन यांच्या जवळपासही पोहोचणार नाही, हे त्यालाही ठाऊक असते. परंतु एखादे गाणे तीन स्वरांत कसे उभे राहते हे ज्याच्या बोटांना कळले, तो मूळ तबकडी वेगळ्या कानाने ऐकतो आणि दुसऱ्याला ती तशी ऐकवू शकतो. कोणत्याही कलेला थोडे थोर कलावंत लागतात आणि त्यांनी काय गाळले हे ओळखणारे बरेच कान लागतात. ते कान अशा लहान लहान गटांतच तयार होतात.