भाड्याची गर्दी आणि खरी साक्ष

सकाळी वस्तीच्या तोंडाशी ट्रक येऊन उभा राहतो. मुकादम माणसे मोजून आत चढवतो. दिवसाची मजुरी, दुपारचे जेवण आणि हातात धरायला एक झेंडा. सभा कोणाची, मोर्चा कशासाठी, हे विचारायचे नसते. संध्याकाळी हीच गर्दी टीव्हीवर ‘उसळलेला जनसागर’ म्हणून झळकते. आपण हे पाहतो, ‘चालायचेच’ म्हणतो आणि विसरून जातो.

पण ही गोष्ट इतक्या सहज सोडून देण्याजोगी आहे का? ख्रिस्ती श्रद्धेच्या दृष्टीने पाहिले तर मुळीच नाही. दहा आज्ञांमध्ये शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास जी मनाई आहे, ती केवळ कोर्टाच्या पिंजऱ्यापुरती नाही. पैसे घेऊन ‘हे माझे मत आहे’ असे चारचौघांत सांगणे हीसुद्धा साक्षच आहे आणि तीही खोटी आहे.

टाळ्यांचे दर

हा प्रकार फक्त आपल्याकडेच चालतो, असे समजू नका. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात एन्टर्जी या कंपनीला वायूवर चालणारे वीजकेंद्र उभारायचे होते. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये नगर परिषदेसमोर त्यावर सुनावणी झाली. नारिंगी टी-शर्ट घातलेले अनेक ‘नागरिक’ पाठिंबा द्यायला हजर होते. ते टाळ्या वाजवत होते, काहींनी भाषणेही केली. २०१८ साली उघड झाले की त्यांच्यातले कित्येक जण भाड्याने आणलेले नट होते. टाळ्या वाजवण्याचे ६० डॉलर आणि भाषण करण्याचे २०० डॉलर!

कंपनीने कंत्राटदाराकडे बोट दाखवले. पण कंपनीला हे ठाऊक होते किंवा ठाऊक असायला हवे होते, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. परिषदेने ५० लाख डॉलरचा दंड केला. वीजकेंद्र मात्र उभे राहिलेच. ज्यांच्या घराजवळ ते होणार होते, त्यांचा खरा आवाज भाड्याच्या टाळ्यांखाली दबला. भाड्याची गर्दी अशी कुणाच्या तरी हक्काची जागा अडवते.

दोन ईस्टर

३१ मार्च १९२९ हा ईस्टरचा रविवार होता. न्यू यॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर नटूनथटून फिरायला निघालेल्या लोकांमध्ये काही तरुणींनी सिगारेटी पेटवल्या. हा स्त्रीस्वातंत्र्याचा उत्स्फूर्त हुंकार आहे, असा गाजावाजा वर्तमानपत्रांतून झाला. प्रत्यक्षात हा देखावा एडवर्ड बर्नेज या प्रचारतज्ज्ञाने एका तंबाखू कंपनीसाठी आधीच आखला होता. स्त्रियांना सिगारेटचे गिऱ्हाईक करणे, हा त्यामागचा हेतू. स्वातंत्र्याची खरी तळमळ बायकांची होती, नफा मात्र कंपनीचा होता.

ईस्टर म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस. योगायोग असा की पहिल्या ईस्टरलाही जनमत विकत घेण्याचा प्रयत्न झाला होता. मत्तयाच्या शुभवर्तमानात तो प्रसंग आहे. येशूची कबर रिकामी झाल्याचे पहारेकऱ्यांनी सांगितले, तेव्हा मुख्य याजकांनी त्यांच्या हातावर भरपूर पैसे ठेवले. आम्ही झोपलो असताना शिष्यांनी रात्री येऊन देह चोरला, असे सांगण्यास त्यांना पढवले. झोपलेल्या माणसाला चोर कसे दिसले, हा साधा प्रश्न! पण पैसे देऊन पेरलेली ती कहाणी लोकांत पसरली.

जुन्या करारातली नाबोथाची हकिकत याहून भीषण आहे. अहाब राजाला त्याचा द्राक्षमळा हवा होता. नाबोथ वाडवडिलांची जमीन विकायला तयार नव्हता. राणी ईजबेलने गावची सभा भरवायला लावली, दोन खोटे साक्षीदार उभे केले आणि निरपराध नाबोथ दगडांखाली मेला. सगळे कसे रीतसर, लोकांच्या साक्षीने! देवाने मात्र एलिया संदेष्ट्याला थेट राजाकडे पाठवले. साक्षीदार दोघे होते, पण जाब विचारला गेला तो ज्याच्यासाठी हे सारे घडले त्याला.

ही गोष्ट आपण लक्षात ठेवायला हवी. चूल पेटावी म्हणून ट्रकमध्ये चढणारी बाई निर्दोष आहे, असे नाही. पण तिच्या गरजेचा भाव करणारा अधिक दोषी आहे.

फोड आलेले पाय

मात्र इथे एक धोका आहे. भाड्याची गर्दी असते म्हणून प्रत्येक गर्दीलाच भाड्याची म्हणणे, हीदेखील खोटी साक्षच होईल. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून हजारो शेतकरी सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईला आले. पायांना फोड आले होते. दहावीच्या मुलांच्या परीक्षेत अडथळा नको म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीतून चालून काढला. मुंबईकरांनी त्यांना पाणी, खाणे, चपला दिल्या. पायांचे ते फोड पाहणाऱ्याला निराळे प्रमाणपत्र लागत नव्हते.

खऱ्या-खोट्याची पारख यातूनच सापडते. बोलणाऱ्याला बोलण्याचे काय मिळाले, की त्याला त्यासाठी काही मोजावे लागले? पहारेकऱ्यांना पैसे मिळाले. पुनरुत्थानाची साक्ष देणाऱ्यांपैकी योहानाचा भाऊ याकोब तलवारीने मारला गेला. ग्रीक भाषेत ‘मार्तुस’ म्हणजे साक्षीदार. पुढे हाच शब्द श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्यांना लावला जाऊ लागला.

आता तर ट्रकचीही गरज उरलेली नाही. खोट्या नावांची खाती विकत घेऊन मोबाइलवर घरबसल्या गर्दी जमवता येते. बिरुया गावच्या लोकांची बायबलमध्ये प्रशंसा आहे, ती यासाठी की पौलाचे बोलणेही ते शास्त्राशी रोज ताडून पाहत. एखादा संदेश दहा जणांना पाठवण्यापूर्वी आपणही क्षणभर थांबून विचारावे: हे कोण सांगतो आहे, यात कुणाचा फायदा आहे आणि मला हे खरोखर ठाऊक आहे का? मुलांनाही हे तीन प्रश्न विचारायला शिकवावे. तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ आले, तर आपल्यापुरता तो संदेश तिथेच थांबवावा.