कुष्ठरोगाची छाननी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता : छायाचित्राच्या पुढचे काम

काशीच्या घाटांवरून पाहिले असता गंगेच्या पूर्व तीरावर रामनगरचा किल्ला दिसतो. तेथील रामलीला आणि लालबहादूर शास्त्री यांचे घर यांमुळे हे गाव देशभर परिचित आहे. गावात शास्त्रीजींच्या नावाचे शासकीय रुग्णालय आहे, तर नदीच्या पलीकडे काशी हिंदू विश्वविद्यालयाचे सर सुंदरलाल रुग्णालय आहे. २०१७ मध्ये सामनेघाटचा पूल खुला झाल्यावर हे अंतर आणखी कमी झाले. तथापि हातमागावर किंवा रोजंदारीवर काम करणाऱ्या माणसासाठी अंतराचे खरे माप म्हणजे बुडालेली मजुरी होय. पाठीवर फिकट चट्टा आहे, तो दुखत नाही, खाजत नाही. मग त्यासाठी दिवसाची कमाई कोण सोडणार?

नेमका असा न दुखणारा, न खाजणारा चट्टा हे कुष्ठरोगाचे प्रारंभिक लक्षण असू शकते. उपचारास विलंब झाला तर मज्जातंतूंना इजा होऊन हात, पाय वा डोळे यांत कायमची विकृती येते. आशा कार्यकर्तीने आपल्या स्मार्टफोनवर त्या चट्ट्याचे छायाचित्र घ्यावे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने संशयित रुग्ण वेगळा काढावा, ही कल्पना म्हणूनच आकर्षक वाटते. ती कितपत उपयुक्त आहे, हे ठरविण्यासाठी यंत्राची कार्यपद्धती आणि तिच्यामागील अर्थशास्त्र या दोहोंचा विचार करावयास हवा.

यंत्र कसे शिकते?

संगणकाला निदान झालेल्या रुग्णांची असंख्य छायाचित्रे दाखविली जातात. रंग, कडा, पोत यांतील साम्य शोधून तो नव्या छायाचित्राविषयी संभाव्यता वर्तवितो. २०१७ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी १,२९,४५० छायाचित्रांच्या आधारे त्वचेचा कर्करोग ओळखणारी प्रणाली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडली आणि या विषयाकडे जगाचे लक्ष वेधले गेले.

कुष्ठरोगासंबंधी ब्राझीलमध्ये झालेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २२२ व्यक्तींची १,२२९ छायाचित्रे वापरली गेली. छायाचित्र आणि रुग्णाची वैद्यकीय माहिती एकत्र केल्यावर सुमारे ९० टक्के अचूकता साधली. या माहितीत उष्ण-थंड संवेदना कमी होणे, पायांना मुंग्या येणे आणि चट्ट्यांची संख्या या बाबी महत्त्वाच्या ठरल्या. खाज असणे हे मात्र कुष्ठरोगाच्या विरोधी लक्षण ठरले. म्हणजे यंत्राच्या यशात माणसाने विचारलेल्या प्रश्नांचा आणि केलेल्या स्पर्शाचा वाटा होता. पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये याचे महत्त्व अधिक आहे, कारण काळा आजार बरा झाल्यानंतर काही रुग्णांच्या त्वचेवर तसेच फिकट चट्टे उमटतात. त्या चट्ट्यांवर संवेदना शाबूत असते. कॅमेऱ्याला रंग दिसतो. बधिरता मात्र स्पर्श करूनच कळते.

घरोघर शोधाची परंपरा

रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता त्याला शोधत जाण्याची पद्धत भारताला नवी नाही. १९५१ मध्ये वर्धा येथे गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले. डॉ. आर. व्ही. वारदेकर यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार या त्रिसूत्रीवर आधारित पद्धत विकसित झाली. १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाला तिचा आधार लाभला. १९८३ मध्ये बहुविध औषधोपचाराच्या अवलंबासह या कार्यक्रमाचे राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले.

डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर दर १०,००० लोकसंख्येमागे रुग्णांचे प्रमाण एकपेक्षा कमी झाले. ‘सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून निर्मूलन’ याचा अर्थ एवढाच आहे. रोग संपला असा नव्हे, हा फरक विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा. २००५ नंतर सक्रिय शोध मंदावला. दडलेले रुग्ण शोधण्यासाठी २०१६ मध्ये पुन्हा घरोघर शोधमोहीम हाती घ्यावी लागली. २०२२-२३ मध्ये देशात १,०३,८१९ नवे रुग्ण नोंदविले गेले. २०२२ मध्ये जगभरातील नव्या रुग्णांची संख्या १,७४,०८७ होती; म्हणजे निम्म्याहून अधिक भार एकट्या भारतावर आहे. २०२३ च्या राष्ट्रीय आराखड्यात २०२७ पर्यंत रोगाचा प्रसार थांबविण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. या परिस्थितीत शोधाचा वेग वाढविणारे साधन निश्चितच स्वागतार्ह आहे.

छाननीचे गणित

छाननी म्हणजे निदान नव्हे, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, १०,००० लोकांत १० रुग्ण आहेत. हे प्रमाण राष्ट्रीय सरासरीच्या दहापटीहून अधिक आहे. यंत्र रुग्णांपैकी ९० टक्के ओळखते आणि निरोगी व्यक्तींपैकी ९० टक्क्यांना योग्य रीतीने वगळते असे मानू. सर्वांची छायाचित्रे घेतली तर ९ रुग्ण सापडतील, एक सुटेल आणि ९,९९० निरोगी व्यक्तींपैकी ९९९ जणांना यंत्र संशयित ठरवील. एकूण १,००८ संशयितांत खरे रुग्ण ९, म्हणजे शंभरात एकही नाही. या हजार लोकांची मजुरी, प्रवास आणि तज्ज्ञाचा वेळ हा खर्च यंत्राच्या किमतीत कोठेही दिसत नाही.

आता आशा कार्यकर्तीने आधी चौकशी करून चट्टे असलेल्या ५०० जणांचीच छायाचित्रे घेतली आणि त्यांत ते दहाही रुग्ण आले असे मानू. मग ४९० निरोगी व्यक्तींपैकी ४९ जण चुकीने संशयित ठरतील. एकूण ५८ संशयितांत ९ खरे रुग्ण, म्हणजे साधारणपणे सहांत एक. यंत्र तेच आहे, परंतु माणसाने केलेल्या निवडीमुळे त्याचे मोल अनेक पटींनी वाढले. यानंतर चट्ट्यावर पेनाच्या टोकाने हलका स्पर्श करून संवेदना तपासली, तर ५८ ची संख्या आणखी घटते.

कोणाची त्वचा, कोणाची माहिती?

दुसरा प्रश्न यंत्राच्या शिक्षणाचा आहे. त्वचेच्या छायाचित्रांच्या २१ खुल्या संग्रहांचा आढावा २०२२ मध्ये ‘लॅन्सेट डिजिटल हेल्थ’ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील १,०६,९५० छायाचित्रांपैकी केवळ २,४३६ मध्ये त्वचेच्या वर्णप्रकाराची नोंद होती. त्यांपैकी सावळ्या त्वचेची छायाचित्रे अवघी १० आणि गडद वर्णाचे एकच. अशा संग्रहांवर शिकलेली प्रणाली भारतीय त्वचेवर तितकीच अचूक ठरेल, असे गृहीत धरता येत नाही. भारतीय रुग्णांच्या छायाचित्रांवर तिची स्वतंत्र चाचणी आवश्यक आहे.

तिसरा प्रश्न सामाजिक कलंकाचा आहे. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणाऱ्या वैयक्तिक कायद्यांतील तरतुदी २०१९ मध्ये रद्द झाल्या. पण समाजमन कायद्याइतके वेगाने बदलत नाही. ‘संशयित’ असा शिक्का असलेले छायाचित्र शेजाऱ्यांच्या हाती पडले, तर निरोगी व्यक्तीचेही नुकसान होते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आणि त्याच वर्षीची भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे यांनी संमतीला महत्त्व दिले आहे. ही संमती रुग्णाला समजेल अशा भाषेत घेतली जावी.

व्यवस्थेची साखळी

दूरस्थ सल्ल्याची चौकट देशात तयार आहे. ई-संजीवनी सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये आणि टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे मार्च २०२० मध्ये आली. वैद्यकीय उपयोगाच्या संगणक प्रणालीही एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणांच्या नियमनाखाली आल्या आहेत. प्रश्न प्रोत्साहनाचा आहे. कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांत आशा कार्यकर्तीस विकृतीपूर्वी रुग्ण शोधल्यास २५० रुपये आणि विकृती आल्यानंतर शोधल्यास २०० रुपये असे मानधन ठेवले गेले. लवकर शोधाला अधिक मोल देणारे हे तत्त्व नव्या साधनासही लागू करावे. छायाचित्रांच्या संख्येवर मोबदला दिला तर छायाचित्रेच वाढतील. तो निश्चित झालेल्या निदानाशी आणि पूर्ण झालेल्या उपचाराशी जोडला पाहिजे.

रामनगरच्या विणकराने आपल्या पाठीचे छायाचित्र काढू दिले, तर त्याला तीन गोष्टी मिळावयास हव्यात : चट्ट्याला स्पर्श करून तपासणारी व्यक्ती, ठरलेल्या मुदतीत तज्ज्ञाचे उत्तर आणि घराजवळ मोफत औषध. या तिन्ही गोष्टींची तरतूद झाली, तर स्मार्टफोन त्याची बुडणारी मजुरी आणि त्याच्या हातांची संवेदना दोन्ही वाचवू शकेल. या तरतुदीविना घेतलेले छायाचित्र संग्रहात पडून राहील आणि चट्टा पाठीवर वाढत राहील.