सोव्हिएत काळातल्या एका न हसणाऱ्या मुलाचा फोटो एवढा का खटकला?

फोटो काढताना आपण सर्वात आधी काय म्हणतो? 'जरा हसा की!' सोव्हिएत संघात मात्र फोटोग्राफरच्या मागे उभं राहून सरकारच हे सांगत होतं.

नेमका नियम काय होता?

1934 पासून 'समाजवादी वास्तववाद' हे तिथल्या कलेचं अधिकृत धोरण झालं. वास्तव दाखवायचं, पण पक्षाला हवं तसं. त्यामुळे मासिकांत दिसायचे ते ट्रॅक्टरवरचे हसरे शेतकरी, कारखान्यातले तडफदार कामगार आणि आनंदी मुलं. थकलेला, एकटा किंवा नुसता विचारात हरवलेला माणूस या चित्रात बसत नव्हता.

मग तो मुलगा कोण?

लिथुआनिया तेव्हा सोव्हिएत संघात होता. तिथले फोटोग्राफर अंतानास सुत्कुस यांनी 1964 मध्ये इग्नालिना गावात एका शाळकरी मुलाचा फोटो काढला. डोक्यावर बारीक कापलेले केस, गंभीर चेहरा आणि खोल, उदास नजर. फोटोचं नाव 'पायोनिअर'.

अडचण या नावातच होती. पायोनिअर ही कम्युनिस्ट पक्षाची मुलांसाठीची संघटना. गळ्यात लाल रुमाल बांधणारी ही मुलं म्हणजे देशाचं उज्ज्वल भविष्य, असं सांगितलं जायचं. ते भविष्यच एवढं उदास दिसतंय म्हटल्यावर फोटोवर टीका झाली. फोटोत घोषणा नव्हती की विरोध नव्हता. होता तो फक्त एक चेहरा.

सुत्कुस थांबले का?

नाही. 1965 मध्ये त्यांनी निदाच्या वाळूत वाऱ्याला तोंड देत चालणाऱ्या ज्याँ-पॉल सार्त्र यांचा फोटो काढला आणि तो जगभर गाजला. पण त्यांचं खरं काम होतं 'लिथुआनियाचे लोक' ही मालिका. शेतकरी, म्हाताऱ्या बाया, रस्त्यावरची मुलं, प्रेमी युगुलं. यातले बरेच फोटो तेव्हा छापलेच गेले नाहीत. 1990 मध्ये लिथुआनियाने स्वातंत्र्य जाहीर केलं, त्यानंतर ते हळूहळू लोकांसमोर आले.

इतरांचं काय झालं?

युक्रेनमधल्या खारकीव्हचे बोरिस मिखाइलोव्ह इंजिनिअर होते. त्यांनी काढलेले पत्नीचे नग्न फोटो केजीबीच्या हाती लागले आणि त्यांची नोकरी गेली. पुढे ते लोकांचे जुने घरगुती फोटो मोठे करून, हाताने रंगवून देऊ लागले. त्याच फोटोंमधून त्यांची एक गाजलेली मालिका उभी राहिली. 2000 मध्ये त्यांना प्रतिष्ठेचा हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला.

आज हे का पाहायचं?

सरकारी फोटोंवरून त्या काळातल्या सत्तेला काय दाखवायचं होतं ते कळतं. माणसं कशी जगत होती हे शोधायचं असेल, तर सुत्कुस यांच्या त्या मुलाच्या डोळ्यांत पाहावं लागतं. तो हसला असता, तर कदाचित आज आपण त्याच्याबद्दल वाचतही नसतो.