मूठभर धानाएवढा जोर

गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे. त्याच्या कालव्यावर पिकलेलं धान मूठभर उचललं, तर तीसेक ग्रॅम भरेल. त्या धानाचा तळहातावर जेवढा भार, तेवढाच जोर इस्रोचा 300 मिलिन्यूटनचा प्लाझ्मा थ्रस्टर लावतो. त्यासाठी तो वीज खातो 5.4 किलोवॅट! व्यवहार तोट्याचा वाटतो खरा, पण तो तसा नाही.

रॉकेटमध्ये इंधन जळून वायू सेकंदाला तीन-चार किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. इथे जळत काहीच नाही. झेनॉनच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवायचे आणि उरलेले धनभारित आयन विजेच्या बळावर मागे फेकायचे. त्यांचा वेग पंधरा ते तीस किलोमीटरपर्यंत जातो. कण जितके वेगात सुटतील, तितकं इंधन कमी लागतं. मोठ्या दळणवळण उपग्रहाचं उड्डाणावेळचं जवळजवळ निम्मं वजन इंधनाचंच असतं, तेव्हा ही बचत किरकोळ नाही. जमिनीवरून उठायला हा जोर कुचकामी आहे. वर गेल्यावर मात्र महिनोन्‌महिने ढकलत राहता येतं.

थ्रस्टर स्वतः फारसा जड नसतो. वजन भरतं ते सौर पंखांत आणि विजेचा दाब वाढवणाऱ्या पेटीत. हलकेपणाच्या गप्पांत ही पेटी सहसा कुणी मोजत नाही.

खरी गोम आहे टिकण्यात. काही थ्रस्टर आयन धातूच्या जाळीतून मागे फेकतात; त्यातले काही वाट चुकून त्या जाळीवरच आदळतात आणि तिचा धातू कणाकणाने उडवतात. इस्रोच्या प्रकारात जाळी नसते, तिथे सिरॅमिकच्या भिंती झिजतात. जपानने ‘हायाबुसा’ यानासाठी जाळ्याच कार्बनच्या केल्या, कारण कार्बन हलका आणि झिजायला चिवट. नासाने ‘डीप स्पेस 1’ यानाचा राखीव थ्रस्टर प्रयोगशाळेत 30,352 तास चालवून पाहिला, म्हणजे जवळजवळ साडेतीन वर्षं. त्याच घडणीच्या थ्रस्टरांवर ‘डॉन’ यान 2011मध्ये वेस्टा या लघुग्रहाला आणि 2015मध्ये सेरेस या बटुग्रहाला पोचलं.

आपली सुरुवातच अपशकुनी झाली. असे थ्रस्टर घेऊन निघालेला जीसॅट-4 एप्रिल 2010मध्ये रॉकेटसकट गेला. 2017च्या जीसॅट-9वर विद्युत प्रणोदन वापरलं गेलं. मार्च 2025मध्ये 300 मिलिन्यूटनच्या थ्रस्टरने निर्वात कक्षात 1000 तासांची चाचणी पार केली. कौतुक करावंच, पण हजार तास म्हणजे बेचाळीस दिवसही होत नाहीत. पुढे उपग्रहांवरच्या रासायनिक इंजिनांची जागा याच थ्रस्टरने घ्यावी, असा इस्रोचा मनसुबा आहे. तेव्हा याची पुढची बातमी आली की जोराचा आकडा नंतर बघा, आधी तासांचा वाचा.